भेटीची वेळ चार ते पाच

माणसाला घायाळ करायला मराठीत पुष्कळ शब्द आहेत. नानासाहेब साळव्यांनी त्यांतला अगदी गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा शब्द निवडला होता. तो शब्द म्हणजे ‘असून’.

चतुराबाईंना तो दर रविवारी दुपारी एकच्या सुमारास ऐकावा लागे. उपासना सुटली की नानासाहेब छावणीच्या चर्चमधून थेट त्यांच्या घरी येत. मोठे दीर, वयानं सत्तरीचे, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. रविवारचं मटण ते भावजयीकडंच खात. पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, “रस्सा फक्कड झालाय. बन्सीला तुझ्या हातचा लई आवडायचा. पण काय करणार. तू नर्स असून…”

पुढं काही नाही. वाक्य तिथंच सोडून ते हाडाकडं वळत. वाक्यापाठची तीन टिंबं मात्र ते ताटाशेजारी काढून ठेवत, आणि जेवण झालं की तिथंच विसरून पदमपुऱ्याला आपल्या घरी निघून जात. ती उचलायचं काम आठवडाभर चतुराबाईंकडं असे.

बन्सी म्हणजे चतुराबाईंचा नवरा आणि नानासाहेबांचा धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर, बहुतेक सिल्लोडच्या गाडीवर. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो अर्ध्या गालावर साबण असतानाच खाली बसला. चतुराबाईंनी त्याची छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जे जे शिकल्या होत्या ते सगळं केलं. रिक्षा दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, मी तुमच्या न्हाणीघरात उभा असतो तरी हेच झालं असतं.” चतुराबाईंनी ते मानलं होतं. डॉक्टरांचं मानायची त्यांना सवयच होती. पण डॉक्टर बोलले एकदाच. ‘असून’ मात्र दर रविवारी येत होता.

नानासाहेबांच्या बाजूनं एवढंच सांगता येईल, की हा शब्द त्यांनी खास भावजयीसाठी घडवलेला नव्हता. पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षी ते मास्तर म्हणून लागले आणि पुढं शाळा तपासनीस झाले. कन्नड तालुक्यातल्या शाळाशाळांच्या शेरेबुकांत त्यांचं सुवाच्य अक्षर अजूनही सापडेल. ‘इमारत प्रशस्त असून पाढे कच्चे.’ ‘मुख्याध्यापक मनमिळाऊ असून घंटा उशिरा होते.’ निवृत्त झाल्यावर तपासायला शाळा उरल्या नाहीत. भावजय उरली.

होता होता चतुराबाईंचं गाणं बंद पडलं. आधी त्या भांडी घासतानाही उपासनेतली गीतं म्हणत, इतक्या मोठ्यानं की शेजारची अख्तरी भिंतीवर थाप मारून खालचा सूर लावायला सांगे. मग गुरुवारचा बाजार बंद पडला. परस्पर अख्तरीच भाजी आणू लागली. आणि शेवटी जे बंद पडलं ते चर्चच्या साऱ्या मंडळीच्या डोळ्यांवर आलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचं तबक आणि इवल्या इवल्या पेल्यांचं तबक बाकांवरून हातोहात फिरे. ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी कडवटपणा आहे त्यानं आधी तो निस्तरावा, मगच हात पुढं करावा, असं पाळकसाहेब दरवेळी सांगत. मंडळीतले बहुतेक लोक हे ऐकून घेत आणि हात पुढं करत. चतुराबाई खरं मानणाऱ्यांतल्या. सात महिने झाले, त्या तबक तसंच पुढं सरकवत होत्या. नवऱ्यामागं हीच एक पंगत त्यांना आपली वाटायची, आणि त्या पंगतीतून त्यांनी स्वतःला उठवलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी वाईट संगतीवर प्रवचन केलं. पाळकसाहेबांचं नाव बद्रीनाथ. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण घराण्यातली नावं जुन्या भांड्यांसारखी वापरात ठेवली, त्यामुळं या गृहस्थांना एक अख्खं तीर्थक्षेत्र घेऊन व्यासपीठावर चढावं लागे. स्वभावानं ते मऊ. कोणाला दुखवायचं नाही या हिशेबानं ते इतकं मोघम बोलत, की पाप करणाऱ्याला वाटे शेजाऱ्याबद्दल चाललंय. त्या दिवशी त्यांच्या मनात होती मिल कॉर्नरला पत्ते कुटणारी मंडळीतली चार पोरं. ती चारही गैरहजर होती. “जो आपल्या आत्म्याला रोज इजा करतो,” पाळकसाहेब म्हणाले, “त्याच्यावर प्रीती करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, पण त्याच्यापासून अंतर ठेवा.”

तिसऱ्या बाकावर चतुराबाई ताठ बसल्या.

सोमवारी सकाळी त्या पाळकसाहेबांच्या दारात उभ्या. “सलाम, पाळकसाहेब. एक विचारायचंय. कालचं ते अंतर, ते नातेवाइकालाही लागू आहे का?”

“सलाम, सिस्टर. या, बसा.” पाळकसाहेब सावध झाले. “नातेवाईक म्हणजे जवळचा?”

“रविवारी जेवायला येणारा.”

पाळकसाहेबांना कळलं. नानासाहेब मंडळीच्या पंच कमिटीवर होते आणि दर रविवारी प्रवचनानंतर दारात उभे राहून पाळकसाहेबांनाही शेरा देत. ‘आवाज खणखणीत असून मुद्दा सापडला नाही’ हा कालचाच. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाले, “शास्त्र वडीलधाऱ्यांचा मान राखायला सांगतं. पण माणसानं रोज विष प्यावं असं कुठं सांगत नाही. माफ करणं एक, आणि पुन्हा पुन्हा त्याच हाताखाली मान देणं एक. स्वतः प्रभूसुद्धा लोकांतून उठून डोंगरावर जायचे.”

“डोंगर मला झेपायचा नाही. गुडघे धरलेत,” चतुराबाई म्हणाल्या. “अंतर किती ठेवायचं ते सांगा.”

“किती म्हणजे?”

“म्हणजे मोजून. औषध द्या म्हणलं तर किती चमचे ते नको का कळायला?”

पाळकसाहेबांना वाटलं, बाई थोडी गंमत करतेय. बऱ्याच दिवसांनी करतेय, म्हणून त्यांनाही बरं वाटलं. हसून म्हणाले, “तुमच्या वॉर्डात ठेवायचात ना तेवढं ठेवा.”

चतुराबाईंनी मान डोलावली, सलाम केला आणि गेल्या. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी साथीच्या रोगांच्या वॉर्डात काढली होती, हे पाळकसाहेबांना माहीत होतं. पण त्या क्षणी ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

साथीच्या वॉर्डाचे नियम चतुराबाईंना प्रार्थनेइतके पाठ होते. खाटेपासून सहा फूट. भेटीची वेळ चार ते पाच. रोग्याचं जेवण वेळेवर आणि चांगलं. रोग्याची भांडी वेगळी. रोग्याला नाव ठेवायचं नाही. रोग त्यानं हौसेनं आणलेला नसतो. आणि प्रत्येक फेरीनंतर हात धुवायचे.

अख्तरी त्याच वॉर्डात आया होती. तिला सगळं एका वाक्यात कळलं. “बहोत अच्छा किये सिस्टर,” ती सुपारी कातरत म्हणाली. “दो साल से बगैर मास्क के ड्यूटी कर रहे थे तुम.”

पुढच्या रविवारी एक वाजता नानासाहेब फाटकाशी आले, तर फाटकाला आतून कडी. पलीकडं चतुराबाई, हातात चार पुडांचा डबा.

“दादा, सलाम. हा तुमचा डबा. मटण आहे, भाकरी आहे, कांदा चिरून ठेवलाय. घरी जाऊन निवांत खा. आणि चार वाजता भेटायला या.”

“आत काय झालंय?”

“काय नाय. भेटीची वेळ चार ते पाच केलीय.”

नानासाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वेळापत्रकं तपासली होती. त्यांना वेळापत्रक लावणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण शेरा लिहायला जागाच सापडेना. डबा गरम होता. तो घेऊन ते गेले.

चार वाजता परत आले, कारण कुतूहल हा तपासनिसाचा स्थायी रोग असतो. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधलं माप चतुराबाईंनी माजघरातली खाट बाहेर आणून घेतलं होतं, कारण खाट सहा फुटी होती आणि टेप सापडत नव्हता. नानासाहेब बसले. चतुराबाईंनी चहा आणला. स्वतःला कपबशीत. नानासाहेबांना निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या मगात, असले मग वॉर्डात असत.

नानासाहेबांनी मगाकडं पाहिलं. नंतर चतुराबाईंच्या कपबशीकडं पाहिलं. पुन्हा मगाकडं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे चतुराबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते उठले आणि चहाला हात न लावता निघून गेले. त्या दिवशी त्यांनी ‘असून’ म्हटलं नाही.

“जीत गये,” भिंतीपलीकडून अख्तरी म्हणाली.

चतुराबाईंनी हात धुतले. पण जिंकल्यासारखं वाटेना.

आठवडाभरात मंडळीत बभ्रा झाला. भावजयीनं दिराला घराबाहेर काढलं, सख्ख्या माणसाला दवाखान्याच्या भांड्यात चहा दिला, हे कुठलं ख्रिस्तीपण. नानासाहेबांनी पाळकसाहेबांकडं तक्रार नेली, तीही लेखी, समास सोडून. तक्रारीच्या शेवटी प्रश्न होता, की हा सल्ला बाईंना कोणी दिला. पाळकसाहेबांना दोन रात्री झोप नाही. अखेर पुढच्या रविवारी चार वाजता ते नानासाहेबांना घेऊन चतुराबाईंच्या ओट्यावर हजर झाले. त्यांच्यासाठी तिसरी खुर्ची आली, आणि ती दोन्ही खुर्च्यांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून तीन तीन फुटांवर ठेवली गेली. पाळकसाहेबांना आपली जागा आयुष्यात पहिल्यांदाच इतकी नेमकी कळली.

“सिस्टर,” त्यांनी सुरुवात केली, “मी अंतर ठेवा म्हणालो होतो. अंतर द्या म्हणालो नव्हतो.”

“मीही दिलं नाय. अंतर दिलं असतं तर डबा कशाला दिला असता? डबा पोचला का नाय, दादांना विचारा.”

“पोचला,” नानासाहेब म्हणाले. “रस्सा बरा होता. प्रश्न रश्श्याचा नाही.” त्यांचा तपासणीचा आवाज आज लागत नव्हता. “चतुरा, तू खुर्ची लांब ठेवलीस, ठेव. वेळ लावलीस, लाव. पण वेगळा मग? आपला आजा गावात होता तेव्हा त्याला चहा कशात मिळायचा ठाऊक आहे तुला? हॉटेलाबाहेर वळचणीला कान तुटलेला कप टांगलेला असायचा. त्यानं तो स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, पुन्हा टांगायचा. मी सात वर्षांचा होतो, बघितलंय. त्यापायी तो माणूस गाव सोडून मिशनच्या दारात गेला. आणि आज घरच्या ओट्यावर, घरच्या माणसानं…”

या वेळची टिंबं वेगळी होती. ती कोणी कुठं ठेवली नव्हती. आपोआप पडली होती.

चतुराबाईंचा चेहरा उतरला. अकरा वर्षं त्यांनी वेगळी भांडी वेगळी ठेवली होती, आणि त्यात कधी दुसरा अर्थ असेल हे त्यांच्या हातांना सुचलंच नव्हतं. हातांना सवय असते. आजोबा हातांना ठाऊक नसतात. त्या उठल्या, आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काच पुसल्याचा. बाहेर आल्या तेव्हा ट्रेमध्ये लग्नातला सेट होता, सोनेरी काठाचा, सहापैकी पाच कप शिल्लक असलेला. बन्सी गेल्यापासून तो कपाटातच होता.

“माझं चुकलं, दादा,” त्या म्हणाल्या. “मगाचं चुकलं. माफ करा मला. तो वॉर्डातला नियम होता, घरात आणायचा नव्हता. प्रभुभोजनातही पेले वेगळे असतात, पण सगळ्यांचे सारखे असतात. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.”

पाळकसाहेबांनी समाधानानं चहाचा घोट घेतला. प्रकरण मिटलं असं त्यांना वाटलं. त्यांना प्रकरणं लवकर मिटल्यासारखी वाटत. “छान झालं,” ते म्हणाले. “आता सिस्टर, त्या खुर्च्याही थोड्या जवळ—”

“खुर्च्या आहेत तिथं बऱ्या आहेत,” चतुराबाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडं अख्तरीची सुपारी कातरायची थांबली.

“दादा, मगाचं माझं चुकलं ते मी म्हणलं. आता तुम्ही एक करा. दोन वर्षं तुम्ही एक वाक्य अर्धं ठेवलंय. आज पाळकसाहेब आहेत, ते पुरं करा. मी नर्स असून काय?”

नानासाहेबांनी कप बशीत ठेवला.

“तसं काही मनात नव्हतं माझ्या.”

“मनात काय होतं ते मला दिसत नाय. तोंडातून येतं ते ऐकू येतं. माझं गाणं गेलं त्यापायी. सात महिने झाले, मी प्रभूच्या पंगतीला बसले नाय, कारण तुम्हांला बघितलं की माझ्या पोटात कडू होतं. रोज माफ करते, आणि रविवारी तुम्ही पुन्हा तेच ठेवून जाता. सांगा, मी नर्स असून काय करायला पाहिजे होतं? दादा, तुम्ही तर तपासनीस. शेरा पुरा लिहा.”

रस्त्यावरून एक कल्हईवाला ओरडत गेला. पाळकसाहेबांना काहीतरी समजुतीचं बोलावंसं वाटलं, पण ओठांवर येतायेता त्यातही ‘असून’ यायला लागला, म्हणून त्यांनी ते गिळलं.

“बन्सी गेला त्याच्या आधीच्या गुरुवारी तो माझ्याकडं आला होता,” नानासाहेब म्हणाले. ते खुर्चीशी बोलत होते. “म्हणला, दादा, जिना चढलं की धाप लागते, चतुराला सांगू नका, ती घाबरेल. मी म्हणालो, वजन कमी कर. एवढंच म्हणालो. मी मोठा भाऊ असून…”

तीन टिंबं ओट्यावर पडली. चतुराबाईंनी ती पाहिली. दोन वर्षं त्या जी उचलत होत्या ती ही होती, त्यांची स्वतःची नव्हतीच. त्यांना त्या म्हाताऱ्या माणसाची इतकी कणव आली, की खुर्ची ओढून जवळ जावं, गुडघ्यावर हात ठेवावा असं वाटलं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेलाही.

मग घड्याळाकडं लक्ष गेलं. पाच वाजले होते.

वॉर्डात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. ज्या दिवशी रोग्याला ताप उतरताना पहिल्यांदा घाम फुटतो, त्या दिवशी नातेवाईक म्हणतात, आता काय, बरा झाला, सोडा घरी. सोडलेले रोगी आठवड्यात उलटून परत येत. पहिल्या घामाला भुलायचं नाही.

“दादा,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमचीही चूक नाय. डॉक्टरांनी मला सांगितलं, तुम्हांला कोणी सांगितलं नाय, म्हणून मी सांगते. काय केलं असतं तरी हेच झालं असतं. पण पाच वाजले.”

“सिस्टर, आज पाच मिनिटं…” पाळकसाहेब म्हणाले.

“भेटीची वेळ संपली, पाळकसाहेब. पुढच्या रविवारी एकला डबा, चारला चहा. दादा, आधीचा डबा धुऊन आणा.”

नानासाहेब उठले. फाटकाशी थबकले, काही बोलणार असं वाटलं, पण फक्त सलाम म्हणाले. चतुराबाईंनीही सलाम म्हटलं. मग त्यांनी हात धुतले, आणि धुताना त्यांच्या घशातून एक सूर निघाला, गंजलेला. भिंतीवर थाप पडली नाही. पलीकडून अख्तरीनं फक्त विचारलं, “सिस्टर, मरीज को छुट्टी कब?”

“अजून निगराणीखाली आहे,” चतुराबाई म्हणाल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तबक तिसऱ्या बाकावर आलं. चतुराबाईंनी आपलं पोट तपासलं. कणव होती, थोडा राग होता, कडू नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला, इवला पेला घेतला. मंडळीतल्या निम्म्या बायकांनी डोळे मिटल्याचं सोंग करून ते पाहिलं. मग त्या तबक घेऊन उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकाकडं वळल्या. तिथं नानासाहेब होते. त्यांनी हात लांब करून तबक घेतलं. हात लांब करावा लागला, एवढंच अंतर होतं.

दुपारी डबा गेला. चारला थोडा अवकाश असताना चतुराबाई ओट्यावर कप मांडत होत्या. फाटकाबाहेर नानासाहेब उभे होते, एका हातात घासून लख्ख केलेला डबा, दुसऱ्या हाताच्या घड्याळावर नजर. फाटकाला कडी नव्हती. तरी ते आत येत नव्हते.

“या की, दादा,” माजघरातल्या घड्याळात चारचे ठोके पडले तेव्हा त्या म्हणाल्या.

नानासाहेब आले, आपल्या टोकाच्या खुर्चीत बसले, सोनेरी काठाचा कप हातात घेतला आणि एक घोट घेऊन डोळे मिटले. चतुराबाईंची बोटं जुन्या सवयीनं बशीवर घट्ट झाली.

“चतुरा,” ते म्हणाले, “तू नर्स असून तुझं घड्याळ दोन मिनिटं मागं आहे.”

वाक्य चतुराबाईंनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुरं होतं. शेवटी पूर्णविराम होता.

“आहे,” त्या म्हणाल्या. “ती दोन मिनिटं माझी.”